बारा मिनिटांची आई

पहिलं भोक पाडलं तेव्हा मी चौतिशीत होते.
उंटाच्या रंगाचा लोकरी कोट, आत रेशमी अस्तर,
डावीकडे, दुसऱ्या बटणाच्या वर दोन बोटं.
असे सात कोट. एक चालायला, एक गोळी लागायला,
तीन पडायला,
आणि दोन, दिग्दर्शकाचं मन बदललं तर.

अटलांटाच्या दक्षिणेला, पूर्वी जिथे कोंबड्यांच्या शेड होत्या,
तिथे त्यांनी शहर उभं केलं. अर्धा पूल, एक दिव्याचा खांब,
तासाच्या भाड्यानं आणलेला पाऊस.
आई पडते. नऊ वर्षांचा मुलगा वर बघतो.
वरून एक रातबगळा ओरडत जातो
आणि एका कटमध्ये वीस वर्षं सरून
शहराला राखणदार मिळतो.

आठ वर्षांनी नवा नट, नवे मालक,
पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
या खेपेला कोट बाटलीहिरवा.
मी टेप लावलीच नाही, बोटांना जागा पाठ होती.

तिसऱ्या खेपेला राखाडी.
आई झालेली बाई मेकनची, लॉरेन डूप्री.
जेवणाच्या सुट्टीत, कागदी ताटातली भेंडी चिवडत म्हणाली,
"व्हर्लीन, माझं नाव काय गं?
पटकथेत नुसतं आई लिहिलंय."
मी कॉलर उलटून बघितली.
आई, ४/७.

आता चौथा येतोय.
परवा दोघं लेखक माझ्या टेबलाशीच भांडत होते.
टोबायस म्हणे, नमनालाच घडाभर तेल कशाला?
पूल, पाऊस, पिस्तूल, शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे.
तो हवेत असतानाच सुरू करा. मागील पानावरून पुढे.
ओडेसा म्हणे, जखम काढलीस तर उरतं काय?
झोप न येणारा एक श्रीमंत माणूस.
मला दोघांचंही पटत होतं, म्हणजे कुणाचंच नाही.
तोंडात टाचण्या असल्या की कुणी मत विचारत नाही,
ही या धंद्यातली सोय.

लहानपणी बाबांनी मला चॅटाहूची दाखवली होती,
पुलाखालची नव्हे, जिथून निघते तिथली.
डोंगरात एका दगडाखाली ओल. बस.
मी एका उडीत नदी ओलांडली आणि रुसून बसले.
नदीचं मूळ शोधू नये म्हणतात ते यासाठीच असेल.
पण मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा
मीच त्याला घेऊन गेले. मला काही बघायचं नव्हतं.
त्याला उडी मारायची होती.

म्हणून मी टाचण्या काढल्या तोंडातून.
म्हटलं, शेंबडी पोरं दर वर्षी नवी येतात.
आणि दाखवणारच असाल तर
मरायच्या आधी तिला काहीतरी काम द्या.
त्याच्या बुटाची नाडी बांधू दे. उशीर केला म्हणून रागावू दे.
तीन सिनेमे झाले, ती नुसती चालते आणि पडते.
टोबायसनं वहीत काहीतरी टिपलं.
मागून कळलं, ती कॉफीची ऑर्डर होती.

सोमवारी निरोप आला, सुरुवातीची कथा नाही.
कोट फक्त नायकाच्या घरात, मागे, खुंटीला, धूसर.
मी राखाडी कोट मांडीवर घेतला, चार नंबरचा,
आणि भोक रफू केलं, अस्तरातला धागा काढून,
लॉरेनच्या बोटालाही लागणार नाही असं.
बाहेर रातकिडे किरकिरत होते, खरेखुरे,
त्यांचं भाडं नाही.

गुरुवारी फोन.
चार सेकंदांची आठवण घालायची ठरलीय.
पडायला दोन कोट, उद्या सकाळी.
रफूचा मी कपाटात मागे सरकवला,
नवं कापड टेबलावर पसरलं.
आणि नाडीचं काय, मी विचारलं.
पलीकडे कोण होतं कोण जाणे.
म्हणालं, कसली नाडी?